३५ मिनिटांच्या तासात प्रयोग बसवायचा कसा? मुंबई उपनगरांतल्या विज्ञान शिक्षकांच्या वेळेचं गणित

तास ३५ मिनिटांचा. वर्गात ६० मुलं. विषय, ओहमचा नियम.

आधीच्या वर्गावरचा तास संपवून विज्ञानाच्या बाई दोन जिने उतरून प्रयोगशाळेत येतात. मुलं रांगेने येऊन बसतात, हजेरी होते. इथेच सहा-सात मिनिटं गेलेली असतात. मग घट, तारा, ॲमीटर, व्होल्टमीटर यांचे संच वाटायचे. एखाद्या संचातला घट उतरलेला निघतो, एखाद्याची तार तुटलेली. सगळ्यांची जोडणी तपासून होईपर्यंत वीस-बावीस मिनिटं होतात. मुलांनी दोन-तीन वाचनं घेतली, की सामान आवरायची वेळ होते, कारण पुढची तुकडी दारात उभी असते. आलेख घरी काढायचा असं ठरतं. पुढच्या तासाला तो निम्म्या मुलांच्या वहीत असतो, आणि त्यातले बरेच एकसारखे असतात.

अंधेरीपासून बोरिवलीपर्यंत आणि घाटकोपरपासून मुलुंडपर्यंत, सकाळ आणि दुपार अशा दोन अधिवेशनांत चालणाऱ्या शाळांमधल्या विज्ञान शिक्षकांना हे चित्र ओळखीचं वाटेल. वेळेचं नियोजन म्हटलं की सल्ले ठरलेले असतात. लवकर उठा, कामांची यादी करा, मोबाइल बाजूला ठेवा. पण ज्याचा दिवस घंटेवर चालतो आणि ज्याच्या कॅलेंडरवर शाळा, शिक्षण विभाग, महापालिका आणि निवडणूक यंत्रणा अशा सगळ्यांचा हक्क असतो, त्याला या सल्ल्यांचा उपयोग थोडाच. म्हणून आधी हिशेब पाहू.

वर्षाला नेमके किती तास मिळतात?

राज्य मंडळाच्या दहावीचं उदाहरण घेऊ. २०१८ मध्ये आलेल्या ‘विज्ञान आणि तंत्रज्ञान’च्या पाठ्यपुस्तकांचे दोन भाग आहेत. प्रत्येकात दहा पाठ, म्हणजे एकूण २०. परीक्षेत प्रत्येक भागाला ४० गुणांची लेखी परीक्षा आणि प्रात्यक्षिकाला २० गुण.

शाळा जूनच्या मध्यावर सुरू होते. जानेवारीत पूर्वपरीक्षा असल्यामुळे पाठ डिसेंबरअखेर संपवायचे असतात. जूनचा मध्य ते डिसेंबरअखेर म्हणजे साधारण २८ आठवडे. त्यातून दिवाळीची सुट्टी, गणपतीचे दिवस, चाचणी आणि सहामाही परीक्षा वजा केल्या की समजा २२ आठवडे उरतात. आठवड्याला विज्ञानाच्या सहा तासिका धरल्या तर १३२ तासिका. त्यातून पावसाच्या सुट्ट्या, क्रीडादिन, स्नेहसंमेलनाची तालीम आणि शिक्षकाची एखादी रजा असे पंधरा तास गेले, तर उरतात ११७. म्हणजे एका पाठाला सहापेक्षाही कमी तासिका. ३५ मिनिटांच्या हिशेबाने एका पाठाला जेमतेम साडेतीन तास.

या साडेतीन तासांत संकल्पना समजावणं, पुस्तकातल्या कृती, उदाहरणं, स्वाध्याय आणि छोटी चाचणी एवढं सगळं यायचं असतं. शिवाय सगळे पाठ सारखे नसतात. ‘सामाजिक आरोग्य’ तीन-चार तासांत होतो. ‘कार्बनी संयुगे’ किंवा ‘विद्युतधारेचे परिणाम’ला दहा तास दिले तरी मुलं शंका घेऊन येतात.

परीक्षाही थोडी अलीकडे सरकली आहे. २०२४ मध्ये दहावीची लेखी परीक्षा १ मार्चला सुरू झाली होती, २०२५ मध्ये ती २१ फेब्रुवारीला सुरू झाली. आठ दिवसांचा फरक वरवर किरकोळ दिसतो. पण उजळणीच्या आठवड्यात तो फार मोठा असतो, आणि प्रात्यक्षिक परीक्षा लेखी परीक्षेच्याही आधी घ्यायची असते.

हा झाला एका इयत्तेचा हिशेब. त्याच शिक्षकाकडे आठवी आणि नववीच्याही तुकड्या असतात. चार तुकड्या, प्रत्येकी ५५ मुलं धरली तर २२० वह्या. एका वहीला दोनच मिनिटं दिली तरी ४४० मिनिटं, म्हणजे सात तास वीस मिनिटं. तेही फक्त एकदा तपासायला. प्रयोगांची जर्नल वेगळी.

कायदा काय म्हणतो?

शिक्षण हक्क कायदा २००९ चा, लागू झाला १ एप्रिल २०१० पासून. त्याच्या परिशिष्टात सहावी ते आठवीसाठी वर्षाला किमान २२० दिवस आणि १००० अध्यापन तास सांगितले आहेत. शिक्षकासाठी आठवड्याला ४५ तास धरले आहेत आणि त्यात तयारीचा वेळही मोजला आहे.

कागदावर हे सोयीचं आहे. आठवड्याला ३० तासिका घेणारा शिक्षक ३५ मिनिटांच्या हिशेबाने साडेसतरा तास शिकवतो. उरलेले साडेसत्तावीस तास तयारीला आणि तपासणीला असायला हवेत. पण अधिवेशनाची शाळा साडेपाच तासांची, आठवड्याचे सहा दिवस धरले तर ३३ तास. त्यानंतर वर्गखोली दुसऱ्या अधिवेशनाला द्यायची असते, स्टाफरूमही आणि प्रयोगशाळाही. म्हणजे ४५ पैकी बारा तासांची तयारी शाळेबाहेरच करावी लागते. ती कुठे आणि कशावर करायची, याचा विचार कुठल्याच परिशिष्टात नाही. गाण्याच्या बाईंनाही हा प्रश्न येतो. पण विज्ञान शिक्षकाला जास्त, कारण परीक्षानळी आणि स्टँड घरी नेता येत नाहीत.

बाकीचा वेळ जातो कुठे?

शाळेच्या ३३ तासांतूनही साडेसतरा तास शिकवण्याचे वजा केले तर साडेपंधरा उरतात. मधली सुट्टी, प्रार्थना आणि वर्ग बदलणं सोडलं तर त्यातले ‘ऑफ’ तास शिक्षकाचे स्वतःचे मानले जातात. प्रत्यक्षात कुणी रजेवर असलं की तिथे प्रॉक्सी लागते. शिवाय टाचण, घटक नियोजन, हजेरीपट, यूडायस प्लस आणि सरलची माहिती, विद्यार्थ्यांचा अपार क्रमांक, शिष्यवृत्तीचे अर्ज. विज्ञान शिक्षकाच्या वाट्याला यात आणखी एक ठरावीक भर पडते. विज्ञान प्रदर्शन, इन्स्पायर पुरस्कारासाठी मुलांच्या कल्पना ऑनलाइन नोंदवणं, विज्ञान दिन, पर्यावरण दिन. शाळेत संगणक नीट चालवणारी व्यक्ती बहुधा विज्ञानाचीच असते, म्हणून पोर्टलवरची माहिती भरायचं कामही आपोआप तिच्याकडे येतं. हे कुठल्या शासन निर्णयात लिहिलेलं नाही, तरी बहुतेक स्टाफरूममध्ये असंच घडतं.

मग येतात शाळेबाहेरची कामं. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २७ नुसार शिक्षकांना अशैक्षणिक कामं देता येत नाहीत. तीन अपवाद आहेत : दशवार्षिक जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका. त्याआधीच, डिसेंबर २००७ मध्ये, निवडणूक आयोग विरुद्ध सेंट मेरीज स्कूल या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं होतं की मतदार यादी आणि निवडणुकीची कामं शिक्षकांना सुट्टीच्या आणि बिगर-अध्यापनाच्या दिवशी द्यावीत. शिकवण्याच्या दिवशी आणि शिकवण्याच्या वेळेत ती सहसा देऊ नयेत. महाराष्ट्राच्या शालेय शिक्षण विभागानेही ऑगस्ट २०२४ मध्ये शिक्षकांची कामं शैक्षणिक, अशैक्षणिक आणि अनिवार्य अशी वर्गवार लावली.

‘सहसा’ या एका शब्दात खूप काही मावतं. शिवाय अपवाद नेमके कधी येतात, हेही पाहायला हवं. मुंबईत विधानसभेचं मतदान २० नोव्हेंबर २०२४ ला झालं. महापालिकेचं १५ जानेवारी २०२६ ला. दहावीच्या शिक्षकासाठी नोव्हेंबर म्हणजे दिवाळीनंतर उरलेले पाठ संपवायचा महिना आणि जानेवारी म्हणजे पूर्वपरीक्षेचा. मतदानाचा दिवस एकच असतो, पण त्याआधी प्रशिक्षणं असतात आणि आदल्या दिवशी साहित्य घेऊन केंद्रावर जावं लागतं. मतदान केंद्रस्तरीय अधिकारी, म्हणजे बीएलओ, म्हणून नेमणूक असेल तर ते काम एका दिवसाचं नसतं, वर्षभर अधूनमधून येत राहतं.

इथे विज्ञान शिक्षकाची अडचण थोडी निराळी आहे. मराठीच्या शिक्षकांच्या जागी दुसरं कुणी धडा वाचून घेऊ शकतं. प्रयोगाला मात्र बदली शिक्षक चालत नाही. ॲसिडच्या बाटल्यांच्या खोलीत ६० मुलांना घेऊन प्रॉक्सीला बसायला कुणी तयार होणार नाही, आणि व्हायलाही नये. त्यामुळे शिक्षक नसेल त्या दिवशीचा प्रयोगाचा तास ‘पुढे बघू’ म्हणून सुटतो.

उपनगरांत गणित वेगळं का?

मुख्य कारण अंतर. पश्चिम उपनगरांतल्या शाळेत शिकवणाऱ्या अनेकांचं घर वसई-विरारला असतं, मुलुंड-घाटकोपरच्या शाळेतल्यांचं डोंबिवली-बदलापूरकडे. पूर्व आणि पश्चिम उपनगरं नकाशावर शेजारी दिसतात, पण मध्ये संजय गांधी राष्ट्रीय उद्यान आहे. मुलुंडहून बोरिवलीला लोकलने जायचं तर आजही दादरला जाऊन गाडी बदलावी लागते. ८ जून २०१४ ला वर्सोवा–अंधेरी–घाटकोपर मेट्रो सुरू झाली तेव्हा निदान या दोन बाजूंमधला एक पट्टा जोडला गेला. गोरेगाव–मुलुंड जोडरस्त्याचं काम अजून चालू आहे.

सकाळी सातच्या अधिवेशनासाठी पाचची गाडी पकडणाऱ्या शिक्षकाला प्रवासात वही तपासायचा सल्ला देणाऱ्याने एकदा गर्दीच्या वेळी विरार लोकलमध्ये चढून पाहावं. पन्नास जर्नलांची पिशवी तिथे वर रॅकवर जाते आणि उतरताना हातात येते, एवढंच. प्रवासात होण्यासारखी कामं वेगळी आहेत : उद्याच्या तासाचे तीन प्रश्न ठरवणं, एखादा व्हिडिओ आधी पाहून ठेवणं.

दुसरं कारण पाऊस. ८ जुलै २०२४ च्या पहाटे सहा तासांत शहराच्या काही भागांत ३०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडला आणि शाळांना सुट्टी द्यावी लागली. १८ ऑगस्ट २०२५ ला तर सकाळची शाळा भरल्यावर दुपारच्या अधिवेशनाला सुट्टी जाहीर झाली, आणि १९ तारखेला सगळ्यांना. दोन अधिवेशनांच्या शाळेत असा अर्धा दिवस जास्त गोंधळ करतो. एक तुकडी एका तासाने पुढे जाते, दुसरी मागे राहते, आणि प्रयोगासाठी लावून ठेवलेलं सामान कुणासाठी पुन्हा लावायचं हे ठरवावं लागतं.

वेळ कमी पडला की आधी काय कापलं जातं?

२०२० मध्ये, करोनामुळे, राज्याने अभ्यासक्रमातला २५ टक्के भाग अधिकृतपणे वगळला होता. कुठला भाग वगळला, याची यादी निघाली, शिक्षकांना ती मिळाली, परीक्षेत त्यावर प्रश्न आले नाहीत. दरवर्षी शाळाशाळांतून होणारी कपात अशी यादी करून होत नाही. ती गुपचूप होते आणि जवळपास नेहमी एकाच जागी होते : प्रयोगात.

कारण साधं आहे. पाठ शिकवला नाही तर पालक विचारतात, मुख्याध्यापक विचारतात, पर्यवेक्षकांना वहीत दिसतं. प्रयोग फळ्यावर काढून सांगितला तर कुणी विचारत नाही. आकृती वहीत असते, निरीक्षण तक्ता भरलेला असतो, निष्कर्षही बरोबर असतो. फक्त मुलाने ॲमीटर हातात घेतलेला नसतो. तो एकसर जोडायचा की समांतर, हे त्याला पाठ असतं. चुकीचा जोडला तर काय होतं, हे त्याने पाहिलेलं नसतं.

म्हणून विज्ञान शिक्षकाच्या वेळेच्या नियोजनाचा खरा प्रश्न ‘सगळं कसं बसवायचं’ हा नाही. सगळं बसत नाही, हे वरच्या हिशेबातच दिसतं. प्रश्न असा आहे, की काय सोडायचं हे आपण जूनमध्ये ठरवणार, की डिसेंबरमध्ये ते आपोआप ठरणार?

मग करता काय येतं?

सुरुवात प्रयोगांची वर्गवारी करण्यापासून करता येते. पुस्तकातल्या सगळ्या कृती मुलांनीच करायला हव्यात असं नाही. काही मुलांच्या हातानेच व्हायला हव्यात : विद्युत परिपथाची जोडणी, भिंगाचं नाभीय अंतर, काचेच्या लादीतून अपवर्तन. ही हाताची कौशल्यं आहेत, पाहून येत नाहीत. काही शिक्षकाने समोर करून दाखवली तरी पुरतात, उदाहरणार्थ ॲसिड किंवा ज्योत लागणाऱ्या रासायनिक अभिक्रिया. आणि काही खरोखर व्हिडिओवर चालतात. कोलोराडो विद्यापीठाच्या ‘फेट’ प्रकल्पाची परस्परसंवादी सादृश्यं मोफत आहेत आणि त्यातली कित्येक मराठीतही आहेत. एका वर्षात हाताने करायच्या दहा-बारा प्रयोगांची यादी जूनमध्येच केली आणि त्यांच्या तारखा टाचणात टाकल्या, तर निदान तेवढे प्रयोग वाचतात.

त्या दहा-बारांसाठी जोड तासिका मागून घ्यावी लागते. ३५ मिनिटांचे दोन तास सलग मिळाले तर सामान मांडण्या-आवरण्यात जाणारी वीस मिनिटं दोनदा जात नाहीत, एकदाच जातात. वेळापत्रक जूनच्या पहिल्या आठवड्यात बनतं. ते बनवणाऱ्या पर्यवेक्षकांना तेव्हाच सांगितलं तर आठवड्यातून एक जोड तास मिळणं अवघड नसतं. ऑगस्टमध्ये सांगितलं तर जवळपास अशक्य असतं.

जोड तास मिळाला नाही तर वर्ग अर्धा करता येतो. सहा संच आणि ६० मुलं म्हणजे दहा जणांत एक संच. त्यात दोघं हात लावतात आणि आठ जण बघतात. त्याऐवजी ३० मुलांनी, पाच-पाचच्या गटांत, प्रयोग करायचा आणि उरलेल्या ३० जणांनी त्याच खोलीत त्याच नियमावरची उदाहरणं सोडवायची. दुसऱ्या दिवशी अदलाबदल. तासिका दोनच लागतात, उदाहरणांसाठी वेगळा तास काढावा लागत नाही. घट आणि तारांच्या प्रयोगाला हे चालतं. जिथे आम्ल किंवा ज्योत आहे तिथे नको, कारण एकट्या शिक्षकाचं लक्ष दोन्हीकडे राहू शकत नाही.

प्रयोगाचा आपला असा एक वेग असतो, तो घंटेला जुमानत नाही. पानातल्या स्टार्चची चाचणी करायची तर रोप आधी एक-दोन दिवस अंधारात ठेवावं लागतं. मग पान पाण्यात उकळायचं, मग पाण्याच्या पात्रात ठेवलेल्या अल्कोहोलमध्ये हिरवा रंग काढायचा, शेवटी आयोडीन. हे ३५ मिनिटांत कोंबायला गेलं की फसतं. उलट, मोरचुदाच्या द्रावणात लोखंडी खिळा ठेवणं हे तासाच्या पहिल्या मिनिटाला करून बाजूला ठेवायचं काम आहे. तासभर शिकवत राहायचं, शेवटी खिळा बाहेर काढून सगळ्यांना दाखवायचा. तांब्याचा तांबूस थर चढलेला असतो. वेगळा वेळ लागत नाही. खिळ्यांना गंज चढण्याचा प्रयोगही तसाच. तीन परीक्षानळ्या खिडकीत मांडायच्या आणि रोज येता-जाता बघायच्या.

मुंबईच्या हवेचाही उपयोग करून घेता येतो. पाठ पुस्तकातल्याच क्रमाने घ्यावेत अशी सक्ती नाही. गंज, बुरशी, यीस्ट यांना जुलै-ऑगस्टची दमट हवा मानवते, म्हणजे ‘ओळख सूक्ष्मजीवशास्त्राची’ हा पाठ पावसाळ्यात घेतला तर पावाच्या तुकड्यावर बुरशी यायला फार थांबावं लागत नाही. भिंगांना लख्ख उजेड लागतो, तो ऑक्टोबरनंतर मिळतो. खिडकीसमोर बहिर्वक्र भिंग धरून समोरच्या टॉवरची उलटी प्रतिमा भिंतीवर पाडायची आणि भिंगापासून भिंतीपर्यंतचं अंतर पट्टीने मोजायचं, की झालं नाभीय अंतर. पाच मिनिटांचं काम. उपनगरांत समोर टॉवर नाही अशी खिडकी आता शोधावी लागते.

(शून्य सावलीचा दिवस मात्र मुंबईकरांच्या नशिबात नाही. तो इथे वर्षातून दोनदा येतो : मेच्या मध्यावर, तेव्हा शाळेला सुट्टी असते, आणि जुलैच्या अखेरीस, तेव्हा सूर्यच दिसत नाही.)

वर्गातल्या वेळेबद्दल एक जुनं संशोधन इथे सांगायला हवं. अमेरिकेतल्या विज्ञान शिक्षणाच्या अभ्यासक मेरी बड रो यांनी १९७० च्या दशकात शिक्षकांच्या तासांची ध्वनिमुद्रणं तपासली. प्रश्न विचारल्यावर शिक्षक उत्तरासाठी सरासरी जेमतेम एक सेकंद थांबतात, असं त्यांना दिसलं. ते तीन सेकंद किंवा जास्त थांबले तर मुलांची उत्तरं लांबतात, ‘माहीत नाही’ कमी होतं आणि एरवी गप्प बसणारी मुलंही बोलतात. खिळ्यावर तांबूस थर का आला, असे दहा प्रश्न एका तासात विचारले आणि प्रत्येकापुढे दोन सेकंद जास्त थांबलं, तर तासातले वीस सेकंद जातात. ३५ मिनिटांत यापेक्षा स्वस्त काही मिळणार नाही. घाईत असलेला शिक्षक मात्र नेमके हेच वीस सेकंद वाचवतो, आणि प्रश्न विचारून उत्तरही स्वतःच देतो.

वह्यांचं काय? २२० वह्यांची प्रत्येक ओळ वाचणं शक्य नसतं, हे शिक्षकांनाही ठाऊक असतं आणि मुलांनाही. म्हणून तर पानोपानी फक्त लाल बरोबरची खूण दिसते. दर आठवड्याला प्रत्येक तुकडीतल्या दहा-बारा वह्या नीट वाचायच्या, त्यांत सापडलेल्या चार सारख्या चुका दुसऱ्या दिवशी फळ्यावर लिहायच्या आणि सगळ्यांना आपापल्या वहीत शोधायला लावायच्या, ही पद्धत जास्त काम करते. दहा-बारा वह्यांना चार-चार मिनिटं दिली तरी एका तुकडीचं काम पाऊण तासात होतं. अट एकच : मुख्याध्यापकांना हे आधी सांगून ठेवलेलं असावं, नाहीतर तपासणीच्या दिवशी कोऱ्या खुणा दिसतील.

ही अडचण याआधी कुणी सोडवली आहे का?

मध्य प्रदेशात १९७२ ते २००२ अशी तीस वर्षं होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रम चालला. किशोर भारती आणि फ्रेंड्स रूरल सेंटर या संस्थांनी तो सरकारी उच्च प्राथमिक शाळांत सुरू केला. तिथे मुलं गटांत प्रयोग करून निष्कर्ष काढत. त्यांनी वेळेचा प्रश्न शिक्षकाच्या शिस्तीवर सोडला नव्हता. शाळांना साहित्याची पेटी दिली, शिक्षकांच्या मासिक बैठका घेतल्या, आणि परीक्षा पुस्तक उघडून देण्याची आणि प्रात्यक्षिकाची केली. परीक्षेतच प्रयोग आला, तर तो वर्षभर कापता येत नाही. मुंबईतल्या एकट्या शिक्षकाला परीक्षा बदलता येणार नाही. पण सहामाहीत एका प्रत्यक्ष जोडणीला पाच गुण ठेवणं शाळेच्या हातात असतं.

साहित्याच्या बाबतीत अरविंद गुप्ता यांचं नाव महाराष्ट्राला नवीन नाही. पुण्याच्या आयुकातल्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत त्यांनी टाकाऊ वस्तूंतून शेकडो खेळणी केली. त्यांचा मुद्दा सहसा कमी खर्चाचा म्हणून सांगितला जातो. वेळेच्या दृष्टीनेही तो मोलाचा आहे. काडेपेटीच्या काड्या, सायकलच्या व्हॉल्व्हची नळी, स्ट्रॉ असलं सामान मुलंच घरून आणतात. मांडायला आणि मोजून परत घ्यायला वेळ जात नाही, आणि वर्गातच काम होत असल्यामुळे प्रयोगशाळा रिकामी होण्याची वाट पाहावी लागत नाही.

मुंबईत मदत कुठे मिळते?

मानखुर्दचं होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र १९७४ मध्ये सुरू झालं. शालेय विज्ञान कसं शिकवावं यावर तिथे संशोधन चालतं. चुनाभट्टीला मराठी विज्ञान परिषदेचं विज्ञान भवन आहे. १९६६ मध्ये स्थापन झालेली ही संस्था शिक्षकांसाठी आणि मुलांसाठी प्रयोगांचे उपक्रम घेते. घाटकोपर-मुलुंडकडून दोन्ही ठिकाणं सोयीची, बोरिवलीकडून तेवढी नाहीत. बृहन्मुंबई विज्ञान अध्यापक मंडळ ही तर शिक्षकांचीच संघटना. सहावी आणि नववीसाठीची होमी भाभा बालवैज्ञानिक स्पर्धा हीच संस्था घेते. त्या स्पर्धेत लेखीनंतर प्रात्यक्षिक आणि प्रकल्पाचे टप्पे असतात. तयारी करून घ्यायची म्हणजे शाळा सुटल्यावर आणखी एक तास, ही शिक्षकांची तक्रार खरी आहे. पण त्या तासासाठी मांडलेलं सामान दुसऱ्या दिवशी सकाळी नेहमीच्या वर्गाला वापरता येतं, हेही काही शाळांनी ओळखलं आहे.

प्रयोगशाळा सहायक असेल तर वरचे अर्धे प्रश्न सुटतात. सामान आधी मांडलेलं असतं, द्रावणं तयार असतात, तास पहिल्या मिनिटाला सुरू होतो. नसेल तर काही शाळांत नववीच्या चार-पाच मुलांचा ‘प्रयोगशाळा गट’ केला जातो. ती मुलं मधल्या सुट्टीत घट तपासतात, तारा जोडून ठेवतात, संचांवर क्रमांक चिकटवतात. रसायनांना हात लावायचा नाही, एवढा नियम कडक पाळला तर हे सुरक्षितही आहे.

पुढच्या वर्षी काय?

जून २०२५ मध्ये निघालेल्या अधिसूचनेनुसार देशाच्या जनगणनेची संदर्भ तारीख १ मार्च २०२७ आहे. घरांच्या नोंदणीचा टप्पा २०२६ मध्ये आणि प्रत्यक्ष लोकगणना फेब्रुवारी २०२७ मध्ये. जनगणना हा कलम २७ मधला पहिलाच अपवाद, म्हणजे प्रगणक म्हणून शिक्षकांच्या नेमणुका कायद्याला धरूनच असतील. दहावीची प्रात्यक्षिक परीक्षाही फेब्रुवारीतच येते आणि लेखी तिच्या मागोमाग. त्यामुळे २०२६-२७ च्या वार्षिक नियोजनात हाताने करायचे दहा-बारा प्रयोग डिसेंबरच्या आतच टाकावे लागतील, आणि शाळेतल्या कुठल्या विज्ञान शिक्षकाचं नाव प्रगणकांच्या यादीत आहे, हे मुख्याध्यापकांना वेळापत्रक लावण्याआधी विचारून घ्यावं लागेल.